बेहडपाड्याच्या सोनीची गाडी

सोनी वरठाने जुनी सात सीटची गाडी घेतली, तेव्हा पाड्यात पैज लागली होती की महिन्याच्या आत ती गाडी ओढ्यात जाणार. पैज लावणारे सगळे पुरुष होते आणि त्यांतल्या एकालाही गाडी चालवता येत नव्हती. या गोष्टीला सहा वर्षं झाली. गाडी रोज दोन वेळा ओढ्यात जाते आणि दोन्ही वेळा बाहेर येते.

बेहडपाडा वज्रेश्वरीच्या वर, डोंगराच्या अंगाला. चाळीसेक घरं, सगळी वारल्यांची. एसटी वज्रेश्वरीपर्यंत येते. तिथून पुढे दीड किलोमीटर कच्ची वाट आणि मध्ये तो ओढा. सोनीने आधी वीटभट्टीवर काम केलं, मग भिवंडीच्या गोदामात खोकी चढवली. गोदामातल्या पिकअपचा ड्रायव्हर दर सोमवारी दांडी मारायचा. एका सोमवारी सोनीने मालकाला सांगितलं, "मी शिकते, मग सोमवारची ड्युटी माझी." मालक हसला. पण सोनी खरंच शिकली, लायसन्स काढलं, आणि दोन वर्षं पिकअप चालवून मग स्वतःची गाडी घेतली. सकाळी पाड्यातल्या बायकांना भाजीच्या पाट्यांसकट भिवंडीला न्यायचं, कोणी आजारी असेल त्याला दवाखान्यात सोडायचं आणि दुपारी सगळ्यांना परत आणायचं, असा तिचा दिवस.

ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. बोलते कमी. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा तळ गाठल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. गाडीच्या बाबतीत झालं ते या स्वभावामुळेच झालं.

भिवंडी-वाडा रस्त्याने गाडीची हाडं खिळखिळी केली होती. एका खड्ड्यातून निघालेली गाडी दुसरा खड्डा येईपर्यंत डुलतच राहायची. वळणावर मागे बसलेल्या बायका एकमेकींच्या मांडीवर जायच्या. गाडी खाली बसलीही होती, त्यामुळे ओढ्यातल्या खडकाला रोज पोट घासायचं. तो आवाज ऐकला की सोनी डोळे मिटायची, म्हणजे मनातल्या मनात.

टेमघरला मनोज मिस्त्रीचं गॅरेज आहे. मनोज गाडी लावून घ्यायचा, बॉनेटवर दोन्ही हातांनी दाब द्यायचा, सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचा. सोनीची गाडी चार वेळा हलली.

"शॉकअप गेले ताई," तो म्हणाला. "आतलं तेल गळून गेलंय, स्प्रिंगचं उडणं धरायला कोणी उरलं नाही. एकदा दाबल्यावर एकदाच वर येऊन थांबली पाहिजे. आणि स्प्रिंगपण थकल्यात."

"मंग?"

"मग काय, शॉकअप टाकू नवीन. स्प्रिंग चालवू अजून थोडे दिवस."

तिथेच हितेश उभा होता. खारबावचा, घरची गोदामं भाड्याने दिलेली, गाड्यांचं भलतं वेड. त्याची गाडी सोनीच्याच मॉडेलची, पण जमिनीला टेकेल इतकी खाली केलेली. त्याने नव्या, अजून भारी कंपनीचे कॉइलओव्हर मागवले होते आणि आधीचा सेट मनोजच्या फळीवर ठेवला होता. निळे, चकचकीत.

"ताई, हे घ्या," हितेश म्हणाला. "साधे शॉकअप-स्प्रिंग लावाल तर कंपनीने ठरवली तेवढीच उंची मिळणार. हा कॉइलओव्हर आहे, शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली. नळीला आटे पाडलेत बघा. ही चकती फिरवली की स्प्रिंग वर, गाडी वर. उलटी फिरवली की खाली. आणि डोक्यावर हे बटण, नरम पाहिजे तर नरम, कडक पाहिजे तर कडक. तुम्ही वापरणार असाल तर असाच घेऊन जा."

सोनीने मनोजकडे पाहिलं.

"वस्तू भारी आहे," मनोज म्हणाला. "मी कधी टॅक्सीला लावली नाही, पण बसेल."

सोनीच्या डोळ्यांसमोर ओढ्यातला खडक आला. गाडी वर घेता येणार, म्हणजे पोट घासणार नाही. शिवाय निळ्या रंगाचंही थोडं होतंच. खोटं कशाला बोला, तिने स्वतःच मला सांगितलं, "दिसाय लय भारी व्हते."

लावले.

पहिल्या संध्याकाळी गाडी ओढ्यातून आवाज न करता पार झाली. सोनी पलीकडे थांबली, उतरली, वाकून गाडीखाली बघितलं आणि एकटीच हसली. घरी जाऊन बाबाला सांगितलं, "आता कदी घासनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बायका बसल्या. अंबाडीपर्यंत कोणी काही बोललं नाही. त्यांच्या गप्पा बंद आहेत हेच सोनीला आधी विचित्र वाटलं. अनगावच्या पुढे मोठा खड्डा आला आणि गाडीला खालून कोणी लाथ मारावी तसा दणका बसला. मागून ठकुबाई ओरडली. ठकुबाई पाड्यातली सगळ्यात जाड आणि सगळ्यात मोकळ्या तोंडाची बाई.

"सोने, मला काय वरईगत कांडतीस गो? उखलात तरी टाक, तितं सालं तरी निंगतील!"

बायका हसल्या, पण उतरताना प्रत्येकीने कमरेवर हात ठेवला होता.

सोनीने बटण फिरवून पाहिलं. नरम केलं तर गाडी बेडकासारखी टुणटुण उडायला लागली. कडक केलं तर दात वाजायला लागले. चकती फिरवून गाडी खाली घेतली तर खडकाला पोट लागलं. वर घेतली तर खड्ड्यात चाक लोंबकळल्यासारखं व्हायचं आणि बाहेर येताना धाडकन आपटायचं. आठवडाभर ती रोज संध्याकाळी बटण एकेक घर पुढे-मागे फिरवायची आणि सकाळी सहा बायकांच्या कमरांवर त्याची परीक्षा घ्यायची. आठव्या दिवशी ठकुबाई वज्रेश्वरी नाक्यावर भिवंडीच्या प्रवासी जीपमध्ये जाऊन बसली. तिने सोनीकडे बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात आणखी तिघी गेल्या.

भांडून गेल्या असत्या तर सोनीला इतकं लागलं नसतं. त्या तिघी तिला वाईट वाटू नये म्हणून कारणं सांगून गेल्या. एक म्हणाली, भाचीला भेटायचंय, जीप त्या बाजूने जाते. भाची डोंबिवलीला राहते आणि जीप भिवंडीपुढे जात नाही हे सगळ्या पाड्याला माहीत होतं.

त्या दिवसांत एका सकाळी सोनीची फेरीच झाली नाही. उरलेल्या दोघीही आल्या नाहीत, बसायला कोणी नव्हतं. ती ओट्यावर बसली होती आणि समोरच्या उतारावरून तिचा बाबा मोरू गवताचे भारे घेऊन उतरत होता. मोरू सत्तरीचा, पण कावड अजून सोडली नव्हती. खांद्यावर बांबू, बांबूच्या दोन टोकांना दोन भारे. तो चालला की बांबू दोन्ही टोकांनी वर-खाली व्हायचा आणि म्हाताऱ्याचं डोकं मात्र एका रेषेत पुढे सरकायचं. सोनीने हे जन्मापासून पाहिलं होतं. त्या दिवशी ती उभी राहून बघायला लागली.

तो अंगणात आला तसं तिने विचारलं, "बाबा, यो बांबू वेगला हाय ना? भाताच्या टायमाला दुसरा व्हता."

"गवताला यो, भाताला तो."

"का बरं?"

मोरूने भारे खाली ठेवले. त्याला अशा गोष्टी कोणी विचारत नसे. "गवत हलकं. जाड बांबू घेतला त त्यो वाकतच न्हाय. वाकला न्हाय का सगला दनका खांद्याव. नं बारीक बांबूव भात घातला त लगेच भुईला टेकं. ओजं बघून बांबू घेयाचा."

"नं आखूड घेतला त?"

"आखूड? आखूड बांबूला वाकाय जागाच कुटं?" तो हसला. "पन नुस्ता बांबू वाकून भागत न्हाय, पोरी. बांबू उडं तवा त्याला गुडघ्यानं धराय पायजे. गुडघं ढिलं सोडलं त बांबू तुला नाचवं. गुडघं ताठ केलं त बांबू कशाला घेतला? डोक्यावच ने मंग."

सोनीने कावड उचलली, खांद्यावर घेतली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग भाताचा जाड बांबू काढून त्याला तेच भारे लावले आणि पुन्हा फेऱ्या मारल्या. खांद्याला हाड टोचलं. शेजारची पोरं बघायला जमली. तिने कोणाकडे लक्ष दिलं नाही. कावड ठेवली, चावी घेतली आणि तडक टेमघर गाठलं.

"मनोजभाऊ, गाडी वर घ्या. चाकं लोंबती ठेवा."

मनोजने गाडी जॅकवर उचलली. सोनी चाकाशी उभी राहिली आणि हाताने मोजायला लागली. गाडी उचलल्यावर चाक किती खाली येतं? चार बोटं. फक्त चार बोटं. तिने शेजारी जॅकवर उचललेल्या तसल्याच दुसऱ्या गाडीचं चाक मोजलं. तिला साधे, कंपनीचे शॉकअप होते. जवळजवळ एक वीत.

"बघा," ती म्हणाली. "माझं चाक खड्ड्यात उतरतच न्हाय. गाडी वरच्या वर पडते."

मनोज वाकला, बघितलं आणि टोपी मागे सरकवली. "हे... हां. हा सेट गाडी खाली बसवायलाच बनवलाय. वर घ्यायला चकती पार टोकाला नेली, तर स्प्रिंग आधीच दाबून बसली. चाकाला खाली यायला जागा उरली नाही. बरोबर."

"नं स्प्रिंग जाड हाय. हितेशची गाडी एकट्या मानसाची, गुळगुळीत रोडवर पळनारी. त्याला वळनावर कलायची नको म्हून ही जाड न् आखूड. माझ्यात सात मानसं न् भाजी, नं रोड असा."

"ठीक आहे ताई, चुकलं आपलं. काढू. तुमच्या जुन्या स्प्रिंगा पडल्यात कोपऱ्यात, त्याच बसवतो, शॉकअप नवे टाकतो."

"आना त्या इकडं."

मनोजने जुनी स्प्रिंग आणली. सोनीने फळीवरची नवी स्प्रिंग तिच्याशेजारी जमिनीवर उभी केली. जुनी दोन बोटं बुटकी होती. तिने नुसतं दोन्हीकडे बोट दाखवलं.

"बरं बाई, नवी टाकू," मनोज म्हणाला.

"पुढं कंपनीची येते ती. मागं काय? मागं ओजं जास्त असतं. याच गाडीला थोडी दमदार स्प्रिंग मिलंल का? जाड न्हाय, दमदार."

मनोज तिच्याकडे बघत राहिला. वीस वर्षांत त्याला गिऱ्हाइकांनी रंग विचारला होता, वॉरंटी विचारली होती, "कधी मिळेल" तर रोज विचारलं होतं. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "याच मॉडेलला सीएनजीवाली गाडी येते. मागे टाकीचं वजन, म्हणून कंपनी तिला मागची स्प्रिंग वेगळी देते. उंचीला जवळपास तेवढीच, पण वजन झेलते. ती बसेल."

"मंग ती. नं शॉकअप चारी नवे. वरचं रबरपन."

दोन दिवसांनी काम झालं. मनोजने बॉनेट दाबून सोडलं. गाडी एकदा वर आली आणि थांबली. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा थांबली. नंतर त्याने हे इतक्या लोकांना सांगितलं की माझ्यापर्यंत आलं.

निळा सेट सोनीने धुऊन, पुसून हितेशला परत दिला.

"आवडला नाही?" त्याला जरा लागलं होतं.

"वस्तू चांगली हाय, हितेशभाऊ. तुमच्या हायवेला हीच बरी. साध्या स्प्रिंगव तुमची गाडी वळनावर लोळंल. पन माझा रोड तसा न्हाय." मग तिने कावडीची गोष्ट सांगितली. हितेशने सगळी ऐकून घेतली आणि म्हणाला, "हे आम्हाला यूट्यूबवर कोणी असं नाही सांगितलं."

राहिला ओढा. नव्या स्प्रिंगांनी गाडी मूळ उंचीवर आली होती, तरी एक खडक पोटाला लागेल असं होतं. सोनीने एका रविवारी पहार घेतली. "गाडी किती वर नेयाची? खडक खाली घेऊ," ती म्हणाली. मोरू आला. ठकुबाई आली, ओशाळलेली, पण फावडं घेऊन. दुपारपर्यंत पंधरा-वीस माणसं झाली. खडक निघाला, त्याच्या खळग्यात चपटे दगड बसले, वरून मुरूम. सहा वर्षांपूर्वी पैज लावणाऱ्यांतले दोघे सगळ्यात मोठा दगड ओढत होते.

बायका परत आल्या. पण खरी परीक्षा पुढेच होती.

पाड्यात गुणाबाई म्हणून धवलेरी आहे. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. ती बसून गाणी म्हणते, देवांना नावं घेऊन बोलावते, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. गुणाबाईला शेकडो ओळी पाठ. आसपासच्या दहा पाड्यांत तिच्या तोडीची दुसरी नाही. चैत्रात ती वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेली, ओल्या दगडावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. भिवंडीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आत सळई घातली. आणि तेराव्या दिवशी पाड्यात रोशनीचं लग्न होतं.

रोशनी गुणाबाईची कोणी नव्हती आणि सगळी होती. तिच्या आईचं लग्न गुणाबाईने लावलं होतं. दुसरी एक धवलेरी वाड्याकडे होती, तिला त्याच दिवशी दुसरं लग्न. रोशनीचा बाप तारीख पुढे ढकलायला निघाला, तर गुणाबाईने कॉटवरून निरोप पाठवला, "माझा पाय मोडला, गला न्हाय."

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी जायला हरकत नाही. वॉकर धरून दोन पावलं टाकतायत, जखम चांगली आहे. खुर्चीत बसून गायलं तरी चालेल. पण दणके बसता कामा नयेत. रस्ता कसा आहे तुमच्याकडे?"

रोशनीच्या बापाने छताकडे बघितलं.

ॲम्ब्युलन्स वज्रेश्वरीपर्यंत येणार होती, ओढ्यापलीकडे नाही. तिथून झोळीत घालून न्यायचं म्हणजे पुन्हा धोका. तेव्हा सोनी म्हणाली, "मी आनते."

कोणीच लगेच हो म्हटलं नाही. गाडी सुधारली होती, तरी कांडणाऱ्या गाडीची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात होती. तेवढ्यात ठकुबाई पुढे झाली. "मी बसते आदी," ती म्हणाली. "माझ्या कमरंनं सांगितलं, तर गुनाबाईला बसवा." तिने हॉस्पिटलासमोरच्या हॉटेलातून चहा घेतला, काठोकाठ भरलेला ग्लास हातात धरून मधल्या सीटवर बसली आणि सोनीने तिला अंबाडीपर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर ठकुबाईने ग्लास सगळ्यांना दाखवला. तो रिकामा होता.

"सांडला?" रोशनीच्या बापाने विचारलं.

"सांडंल कसा? प्याली मी!" ठकुबाई म्हणाली. "पोटातलं पानी हाललं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता गुणाबाईला मधल्या सीटवर ठेवलं. सीटची पाठ मागे रेललेली, दोन गुडघ्यांमध्ये उशी, शेजारी धरायला ठकुबाई. डॉक्टरीणबाई स्वतः फाटकापर्यंत आल्या. त्यांनी एकदा गाडीच्या दारावर हात टेकून गाडी हलवून पाहिली. गाडी एकदा हलली आणि थांबली.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या.

"हाय," सोनी म्हणाली. तिने आरसा मधल्या सीटवर वळवला.

नदीनाक्यापर्यंत कंटेनरांची रांग होती, गाडी गोगलगायीसारखी सरकली. शेलारपुढे रस्ता मोकळा झाला आणि खड्डे सुरू झाले. सोनीला या रस्त्यावरचा एकेक खड्डा माहीत होता, काहींना तर बायकांनी नावं ठेवली होती. ती प्रत्येकाच्या आधी ब्रेकवरून पाय उचलायची, कारण ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली आणि स्प्रिंग आधीच अर्धी दाबलेली. चाक सावकाश खड्ड्यात उतरायचं, पुरतं तळाला लागायचं आणि वर यायचं. गाडी त्याच्याबरोबर जात नव्हती.

अनगावच्या अलीकडे मागून बारीक आवाज आला. सोनीने दचकून आरशात पाहिलं. तिला वाटलं, म्हातारी कण्हते आहे.

गुणाबाई गात होती. डोळे मिटून, ओठातल्या ओठात, लग्नाच्या गाण्याची उजळणी. दहा दिवस हॉस्पिटलात मोठ्याने म्हणता आलं नव्हतं, म्हणून ओळी जागेवर आहेत का ते बघत होती.

सोनीने आरशातून नजर काढली आणि कान मागे ठेवले. आता तिला गाडीकडे बघायची गरज नव्हती. धवलेरीचं गाणं एका श्वासात लांब जातं. दणका बसला असता तर सूर तुटला असता. अनगावचा मोठा खड्डा आला. चाक उतरलं, चढलं. सूर सरळ गेला. पुढे रस्ता खणून ठेवला होता, खडीवरून शंभर पावलं जायचं होतं. गाडीची चाकं दगडावर नाचत होती, सोनीच्या हातातलं स्टीअरिंग थरथरत होतं, आणि मागे गुणाबाई डोंगरदेवाला नाव घेऊन बोलावत होती, न अडखळता. ठकुबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला विचाराल तर ती म्हणते, खडीची धूळ होती.

अंबाडीला डावीकडे वळल्यावर सोनीने पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

ओढ्याच्या दोन्ही काठांवर पाडा उभा होता. मोरू पाण्यात, गुडघाभर, दगड हलले नाहीत ना ते काठीने चाचपत. कोणी ओरडत नव्हतं. सोनीने पहिला गिअर टाकला. पुढची चाकं पाण्यात गेली, दगडावर चढली, उतरली. मागची गेली. गाडी एका अंगाला कलली आणि सावकाश सरळ झाली. पोटाला काही लागलं नाही. चाकं पलीकडच्या मुरमावर आली, आणि उघड्या काचेतून गुणाबाईचा आवाज सगळ्या पाड्याने ऐकला. ती शेवटच्या ओळीवर होती. ती तिने संपवली, मगच डोळे उघडले.

"आलं काय घर?" तिने विचारलं.

मग जो ओरडा झाला तो वज्रेश्वरीच्या देवळात ऐकू गेला असणार. पोरांनी गाडीच्या टपावर थापा मारल्या. रोशनीचा बाप सोनीसमोर उभा राहिला, त्याने तिच्या हातातली चावी घेतली, कपाळाला लावली आणि परत दिली. आणि सोनी, जी बोलते कमी, ती गाडीतून उतरली, बॉनेटवर दोन्ही तळहात टेकले आणि मोठमोठ्याने हसायला लागली. मोरू पाण्यातून वर येत म्हणाला, "पोरीनं बराबर बांबू घेतला." काहींना ते कळलं नाही. त्यांना नंतर मोरूकडून ते मनोज मिस्त्रीपेक्षाही सविस्तर ऐकावं लागलं.

लग्न दोन दिवस चाललं. गुणाबाई खुर्चीत, मांडीवर सूप, पाय उशीवर. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिलेला, रोशनी पिवळीजर्द. दुसऱ्या दिवशी देवांची नावं घेऊन झाली. डोंगर आला, धान्याची देवी कणसरी आली, पाणी आलं, वाघ आला. मग गुणाबाई थांबली, मांडवात नजर फिरवली आणि त्याच चालीत, त्याच संथ आवाजात म्हणाली की चार चाकांवर बसवून मला आणणारी ती मोरूची सोनी, ती कुठे लपली आहे, तिला पुढे आणा. गाण्यात हे कधी नव्हतं. आता इथल्या लग्नांत असतं.

सोनी चुलीमागे भाताचं पातेलं उतरवत होती. ठकुबाईने तिला दंडाला धरून ओढत मांडवात आणलं. भोपळ्याचा तारपा वाजायला लागला, बायकांनी कमरेला हात घालून साखळी धरली आणि सोनीला मधोमध घेतलं. ती दुपारभर नाचली. संध्याकाळी पाहुण्यांना वज्रेश्वरीला सोडायचं होतं. पहिली फेरी भरली, सहा जण बसले, सातवा दारात उभा राहून म्हणाला, पायी कशाला, मी सोनीच्या पुढच्या फेरीला थांबतो.